विधवा ‘असूनही’? : क्लिकोबाईंच्या चरित्राविषयी एक तक्रार

कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहायला बसले की मराठी लेखकाच्या हातून एक शब्द आपोआप उतरतो: ‘असूनही’. स्त्री असूनही, विधवा असूनही, पदरी लहान मूल असूनही. हा शब्द आला की पुढचे सारे ठरून जाते. दैवाचा आघात, समाजाचा विरोध, नायिकेची जिद्द, आणि अखेरीस यश. शालेय पाठ्यपुस्तकांतले धडे, महिला दिनाच्या पुरवण्या, वक्तृत्व स्पर्धांतील भाषणे यांपैकी बहुतेकांचा सांगाडा या एका शब्दावर उभा असतो. वाचकाचा ऊर भरून येतो आणि कोणाला काही विचारायचे राहूनच जाते.

प्रस्तुत लेखातील तक्रार या शब्दाविरुद्ध आहे. ती मांडण्यासाठी उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे, कारण जवळच्या उदाहरणांत आपली भक्ती आड येते. हे उदाहरण फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील रँस या शहरातले आहे. बार्ब-निकोल क्लिको, माहेरच्या पोंसार्दँ, या जगातील पहिल्या मोठ्या स्त्री वाइन-उत्पादकांपैकी एक मानल्या जातात. त्यांच्या नावाची शॅम्पेन आजही जगभर विकली जाते आणि त्यांची कथा इंटरनेटवर, मासिकांत आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत वारंवार सांगितली जाते. ती जवळजवळ नेहमी एकाच वाक्याने सुरू होते: वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वैधव्य येऊनही त्यांनी शॅम्पेनचे साम्राज्य उभे केले.

या वाक्यातील प्रत्येक घटना खरी आहे. खोटे आहे ते फक्त ‘येऊनही’.

आधी घटना पाहू. बार्ब-निकोल यांचा जन्म १७७७ मध्ये रँसमधील एका धनाढ्य कापड-उत्पादकाच्या घरी झाला. वडील निकोला पोंसार्दँ राजकारणात मुरलेले गृहस्थ होते. क्रांतीच्या काळात ते क्रांतिकारकांबरोबर राहिले, नेपोलियनच्या काळात नेपोलियनबरोबर. पुढे ते शहराचे महापौर झाले आणि त्यांना सरदारकीही मिळाली. १७९८ मध्ये बार्ब-निकोल यांचे लग्न फ्राँस्वा क्लिको यांच्याशी झाले. सासरे फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये वाइनची पेढी काढली होती, पण घराचा मुख्य धंदा कापडाचा होता. वाइनकडे खरे लक्ष फ्राँस्वा यांनी वळवले. १७९९ मध्ये क्लेमांतिन ही मुलगी झाली. १८०५ च्या ऑक्टोबरात फ्राँस्वा तापाने वारले. सासऱ्यांना पेढी बंद करायची होती, सुनेने ती चालू ठेवण्याचा आग्रह धरला. १८०६ मध्ये आलेक्सांद्र फुर्नो या जाणत्या वाइन-व्यापाऱ्याशी भागीदारी झाली. ती चार वर्षांत संपली आणि १८१० मध्ये ‘व्हव्ह क्लिको-पोंसार्दँ’ अशी स्वतंत्र पाटी लागली.

‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. पाटीवर हा शब्द का आला, हे विचारल्याशिवाय या चरित्राचे पहिले पानही उलटू नये.

फ्राँस्वा वारले त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, मार्च १८०४ मध्ये, फ्रान्समध्ये नवी नागरी संहिता लागू झाली होती. पुढे ती नेपोलियनची संहिता म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या २१३ व्या कलमाने पतीवर पत्नीच्या रक्षणाची आणि पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाची जबाबदारी टाकली. २१५ व्या कलमाप्रमाणे पतीच्या अनुमतीवाचून पत्नीला न्यायालयात उभे राहता येत नव्हते, मग ती स्वतः व्यापार करणारी का असेना. २१७ व्या कलमाप्रमाणे पतीच्या संमतीवाचून तिला मालमत्ता देता, विकता, गहाण टाकता किंवा घेताही येत नव्हती. पुढे १८०७ च्या व्यापारी संहितेनेही हेच कायम केले. विवाहित स्त्रीला व्यापार करायचा तर पतीची संमती हवीच होती.

ही बंधने विवाहित स्त्रीवर होती. सज्ञान अविवाहितेवर ती नव्हती आणि विधवेवरही नव्हती. पतीच्या निधनाबरोबर त्याची अनुमती घेण्याची अटही संपत होती. विधवा करार करू शकत होती, कर्ज काढू शकत होती, फिर्याद लावू शकत होती, नोकर ठेवू आणि काढू शकत होती. अविवाहितेलाही कायद्याने हे करता येई. मात्र चालती पेढी, ओळखीचे ग्राहक आणि बाजारातली पत तिच्या हाती क्वचितच असे. विधवेकडे दोन्ही असत, कायद्याची मोकळीक आणि पतीच्या नावाची पत. पाटीवरचा ‘व्हव्ह’ हा शब्द शोकाचा नव्हता. आपण करारावर सही करायला मुखत्यार आहोत, असे ग्राहकाला, सावकाराला आणि न्यायालयाला कळवणारा तो जाहीरनामा होता. बार्ब-निकोल यांनी विधवा असूनही पेढी चालवली, हे म्हणूनच चूक आहे. त्या विधवा झाल्या, म्हणून पेढी त्यांच्या नावाने चालू शकली. फ्राँस्वा ऐंशी वर्षे जगते तर तेच ज्ञान, तीच नजर आणि तीच हिंमत असलेल्या या स्त्रीचे नाव बहुधा आपल्यापर्यंत आलेच नसते.

मराठी वाचकाला हे पटायला थोडा वेळ लागतो, आणि त्याचे कारण आपल्या शब्दातच दडलेले आहे. आपल्याकडे ‘विधवा’ म्हटले की केशवपन, अलवण आणि माजघराचा कोपरा डोळ्यांपुढे येतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून (१८५७) ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलने’पर्यंत (१८८२) आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीपर्यंत एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याने हा शब्द ज्या वेदनेने भरला, ती वेदना खरी होती. परंतु ती घेऊन आपण रँसमध्ये शिरलो की भाषांतर बिघडते. दोन्हीकडे शब्दाचा अर्थ ‘जिचा पती वारला ती’ एवढाच आहे. पती वारल्यावर तिला काय करता येते, हे मात्र दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या व्यवस्थांनी ठरवले होते.

एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपवला. फ्रान्समध्ये वाट वेगळी होती, पण परिणाम तोच: पुन्हा लग्न करणारी विधवा पुन्हा ‘पत्नी’ होई आणि नव्या पतीच्या अनुमतीखाली जाई. क्लिकोबाई सत्ताविसाव्या वर्षापासून अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत अविवाहित राहिल्या. भावुक चरित्रकार याला पतिनिष्ठा म्हणतात आणि चित्रपटवाले त्यात प्रेमकथा शोधतात. त्यांच्या मनात काय होते हे सांगणारा कागद नाही. पण लग्न केले असते तर त्यांच्या हातून काय गेले असते, हे सांगणारा कागद आहे, आणि तो कोणालाही वाचता येतो. तो म्हणजे ती संहिता.

कोणी म्हणेल, एका उदाहरणावरून एवढा निष्कर्ष कशाला? तर उदाहरण एक नाही. शॅम्पेनच्या इतिहासातील नामवंत स्त्रिया ओळीने आठवून पाहाव्यात. लुईज पोमरी १८५८ मध्ये विधवा झाल्या, पेढी हाती घेतली आणि १८७४ ची गोडी फार कमी असलेली शॅम्पेन बाजारात आणून साऱ्या जगाची रुची बदलली. मातिल्द-एमिली पेरिए पतीच्या निधनानंतर १८८७ मध्ये पेढीच्या प्रमुख झाल्या आणि तिचे नाव लोराँ-पेरिए झाले. लिली बोलँजे यांचे पती १९४१ मध्ये वारले, त्यानंतर तीस वर्षे पेढी त्यांनी सांभाळली. एकाच प्रांतात, एकाच धंद्यात, दीड शतकभर नामवंत स्त्रिया एवढ्या संख्येने विधवाच का निघाव्यात? शॅम्पेन प्रांतातील सधवांना द्राक्षे कळत नव्हती काय? त्यांना कळत होती, पण सहीचा अधिकार नव्हता. पतीच्या संमतीवाचून नोकरी-व्यवसाय करण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा हक्क फ्रान्समधील विवाहित स्त्रीला १९६५ च्या कायद्याने मिळाला. लिली बोलँजे तेव्हा चोवीस वर्षे पेढी चालवत होत्या.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याचा पुरावा शोधायला वाइनच्या तळघरात उतरण्याचीही गरज नाही. जुन्या फ्रेंच ग्रंथांची शीर्षकपृष्ठे चाळली तरी पुरे. मुद्रकाच्या जागी ‘अमक्याची विधवा’ अशी अक्षरे तेथे वारंवार भेटतात. सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्लोत गियार यांनी दोन मुद्रक पतींच्या मागे नामांकित छापखाना चालवला. म्हणजे ही वाट नेपोलियनच्याही पूर्वीची. कारागीर आणि व्यापारी संघांच्या रिवाजाने पतीचा धंदा पुढे चालवण्याची मोकळीक विधवेला मिळत असे. क्लिकोबाई या वाटेवरच्या पहिल्या प्रवासी नव्हेत. त्या तिच्यावरून सर्वांत दूर गेलेल्यांपैकी एक आहेत, आणि ही गोष्ट ‘पहिली’ असण्यापेक्षा अधिक मोलाची आहे.

‘असूनही’ने झाकलेली दुसरी गोष्ट म्हणजे भांडवल. एकाकी विधवेचे चित्र रंगवताना मागचे घर पुसून टाकले जाते. वडील शहरातील अग्रगण्य धनिक, सासरे व्यापारी आणि सावकारीत मुरलेले, त्यांनी पुन्हा पैसा घातलेला, जोडीला जाणता भागीदार दिलेला. लुई बोन हा हुशार जर्मन फिरता विक्रेता फ्राँस्वा यांच्या काळापासूनच पेढीत होता आणि रशियाची बाजारपेठ त्याने पायाखाली घातली होती. याच शहरात त्याच वर्षी एखाद्या विणकराची बायको विधवा झाली असेल, तर संहितेने तिलाही तेच स्वातंत्र्य दिले होते. तिला उपाशी राहण्याचेही स्वातंत्र्य होते. कायदा दार उघडतो. आत जायला जोडे लागतात, आणि ते ज्याचे त्याने आणायचे असतात.

तिसरी झाकलेली गोष्ट श्रमाची. शॅम्पेनला बाटलीत दुसऱ्यांदा आंबवले जाते. त्यातून बुडबुडे येतात आणि मृत यीस्टचा गाळही साचतो. तो काढण्यासाठी वाइन एका बाटलीतून दुसरीत ओतली तर बुडबुडे आणि माल दोन्ही वाया जात. १८१६ च्या सुमारास क्लिकोबाईंच्या तळघरात भोके पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या खोचून त्या ठरावीक काळाने थोड्या थोड्या फिरवण्याची पद्धत बसवली गेली. काही आठवड्यांत गाळ बुचापाशी उतरतो, मग बूच काढले की गाळाबरोबर फार थोडी वाइन जाते. आज हे काम बव्हंशी यंत्रे करतात, पण तत्त्व तेच आहे. लोककथा सांगते की बाईंनी स्वयंपाकघरातील टेबलालाच भोके पाडून घेतली. ही कथा सोयीची आहे, कारण ती शोधाला ‘बायकी’ जागा देते. तळघरप्रमुख आंत्वान म्युलर याचा या कामातील वाटा मात्र लोकप्रिय कथनांत तळटीपेत जातो. बाटल्या फुटत म्हणून चेहऱ्यावर मुखवटे चढवून काम करणारे मजूर आणि द्राक्षे खुडणाऱ्या बायका तर तळटीपेतही नसतात. स्त्रीचे चरित्र म्हणून जे लिहिले जाते त्यात इतर स्त्रिया का नसाव्यात, हा प्रश्न तरी आपण विचारू शकतो.

आता अपेक्षित आक्षेप. या साऱ्यामुळे क्लिकोबाईंचे कर्तृत्व उणे होत नाही काय? कायद्याने दिले, बापाने दिले, सासऱ्याने दिले, म्युलरने केले, मग बाईंनी काय केले?

हा आक्षेप ‘असूनही’च्याच शाळेतला आहे. कर्तृत्व म्हणजे शून्यातून निर्मिती, अशी त्याची समजूत आहे. शून्यातून कोणीच काही निर्माण करत नाही, पुरुषही नाही. क्लिकोबाईंचे समकालीन स्पर्धक जाँ-रेमी मोए यांना घराण्याची पेढी वारशाने मिळाली, म्हणून त्यांच्या कर्तृत्वावर कोणी प्रश्नचिन्ह लावत नाही. संहितेने मोकळीक हजारो विधवांना दिली. मुलगी सहा वर्षांची, धंदा युद्धाने खचलेला आणि सासरा पेढी बंद करायला निघालेला असताना, ती चालवीन असे म्हणणाऱ्या थोड्या होत्या. नेपोलियनच्या युद्धांत समुद्र बंद झाले, निर्यात आटली. तरीही १८११ चे, धूमकेतूचे वर्ष म्हणून गाजलेले, उत्तम पीक त्यांनी जपून ठेवले. १८१४ मध्ये नेपोलियन पायउतार झाला तेव्हा व्यापार रीतसर खुला होण्याची वाट न पाहता, स्पर्धकांना कळू न देता, दहा हजारांवर बाटल्या त्यांनी बाल्टिकच्या वाटेने क्योनिग्सबर्गला धाडल्या. माल पकडला गेला असता तर पेढी बुडाली असती. माल पोचला, आणि रशियाच्या उमरावांच्या मेजवान्यांत क्लिको हे नाव कायमचे बसले. बाटल्या फिरवण्याची पद्धतही त्यांनी स्पर्धकांपासून काही वर्षे लपवून ठेवली. हे सारे हिशेबी, धाडसी आणि प्रसंगी निष्ठुर असे व्यापारी निर्णय आहेत. त्यांना ‘दैवावर मात’ म्हणणे हाच खरा अपमान, कारण दैवावर मात करणाऱ्याची जिद्द वाखाणली जाते, बुद्धी नाही. व्यवस्थेतील एक अरुंद फट ओळखून तिच्यातून एवढी मोठी पेढी बाहेर काढली, असे म्हटले की बुद्धीचा प्रश्न येतो. आपल्याला स्त्रियांची जिद्द सोसते, बुद्धी सोसत नाही, असा संशय येथे घेतल्यावाचून राहवत नाही.

याच बुद्धीने घेतलेला एक निर्णय आपल्या गौरवकथांत अंग चोरून बसतो. क्लिकोबाईंनी पेढी मुलीला दिली नाही. क्लेमांतिनचे लग्न १८१७ मध्ये काउंट द शेव्हिन्ये यांच्याशी झाले. घराण्याला पदवी मिळाली, जावयाला पैसा. पेढीत मात्र त्यांनी १८२१ मध्ये रुजू झालेल्या एदुआर वेर्ले या जर्मन वंशाच्या नोकराला पुढे आणले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस बँक-व्यवहारांमुळे पेढी संकटात आली तेव्हा त्यानेच ती वाचवली. १८३१ मध्ये तो भागीदार झाला आणि १८६६ मध्ये बाई वारल्यावर पेढी त्याच्याकडे गेली. यात मुलीविषयी अविश्वास होता की तिच्या आवडीनिवडीची जाण, हे ठरवणे कठीण आहे. पण संहिता आठवली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: विवाहित मुलीला पेढी देणे म्हणजे तिच्या कारभारात जावयाला बसवणे, आणि हे जावई उधळे म्हणून ख्यात होते. आईला जी मोकळीक वैधव्याने दिली होती, ती मुलीला सौभाग्यामुळे मिळू शकत नव्हती. ‘तिने इतर स्त्रियांसाठी वाट मोकळी केली’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी हा विरोध समोर ठेवावा. ती वाट क्लिकोबाईंच्या स्वतःच्या मुलीलाही चालता आली नाही.

मग ‘असूनही’ एवढा टिकतो कसा? कारण तो विकला जातो. पेढीची सुप्रसिद्ध पिवळी चिठ्ठी १८७७ मध्ये, बाईंच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, नोंदवली गेली. १९७२ मध्ये, स्थापनेला दोनशे वर्षे झाली तेव्हा, पेढीने उद्योजक स्त्रियांसाठी बाईंच्या नावे पुरस्कार सुरू केला. आज ही पेढी चैनीच्या वस्तू विकणाऱ्या एका बलाढ्य उद्योगसमूहाच्या मालकीची आहे. म्हातारपणी पणतीला लिहिलेल्या पत्रातील धाडसाविषयीचे त्यांचे शब्द जाहिरातीच्या कामी येतात. टिलार मॅझिओ यांचे इंग्रजी चरित्र २००८ मध्ये आले, २०२३ मध्ये चित्रपट आला. मॅझिओ विधवेच्या कायदेशीर स्थानाची दखल घेतात, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण बाईंची व्यापारी पत्रे विपुल आणि खासगी कागद तुटपुंजे असल्याने चरित्रात ‘वाटले असावे’, ‘म्हणाल्या असतील’ अशा क्रियापदांची गर्दी होते, आणि सामान्य वाचक लक्षात ठेवतो ती नेमकी हीच कल्पित जागा. कायदा विसरला जातो, अश्रू उरतात. अश्रूंना बाजारभाव आहे, २१७ व्या कलमाला नाही.

वाद एका शब्दाचा दिसतो, पण त्यावर बरेच अवलंबून आहे. अडथळा दैव असेल तर त्यावरचा उपाय धैर्य, आणि ज्या स्त्रीला यश मिळाले नाही तिच्यात धैर्य कमी होते, असा निष्कर्ष मुकाट्याने निघतो. अडथळा कायदा असेल तर उपाय कायदा बदलणे, आणि अपयशाचा जाब व्यवस्थेला द्यावा लागतो. ‘असूनही’ हा शब्द व्यवस्थेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून अलगद सोडवतो. आपल्या विधवांचे दुःखही दैवाने आलेले नव्हते. मिताक्षरेखालील एकत्र कुटुंबात १९३७ चा कायदा येईपर्यंत विधवेचा हक्क मुख्यतः पोटगीपुरता होता, आणि १९५६ पर्यंत मिळालेला हक्कही मर्यादित होता. आपल्या थोर स्त्रियांच्या किती चरित्रांत या दोन सालांचा उल्लेख येतो, हे अध्यापकांनी एकदा आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तपासून पाहावे.

मागणी साधी आहे. स्त्रीचरित्राचा पेपर लिहिताना, शिकवताना, तपासताना जेथे ‘असूनही’ येईल तेथे पेन थांबवावे आणि विचारावे: कोणत्या कायद्याने, कोणत्या रिवाजाने, कोणाच्या पैशाने? काही वेळा उत्तर मिळूनही ‘असूनही’ जागेवर राहील, आणि तेव्हा तो योग्यच असेल. पण क्लिकोबाईंच्या बाबतीत तो राहत नाही. त्यांनी स्वतः बाटलीवर, पत्रांवर आणि करारांवर आपली ओळख ज्या शब्दाने दिली, तो अधिकाराचा शब्द होता. त्याचे दुःखात भाषांतर करण्याचा हक्क त्यांनी आपल्याला दिलेला नाही.